गाऱ्हाण्यातला खोटा आजार

हा अनुभव देवाचा म्हणावा की माझ्याच मनाचा, हे मला अजून नीट सांगता येत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माझी झोप उडाली. पुस्तक उघडलं की छातीत धडधडायचं, पुढे पुढे तर अंथरुणातून उठावंसंच वाटेना. "आमच्यात दहावीच्या पुढे कोणी गेलं नाही, कोणाला काही झालं नाही. हिचंच डोकं तापलं," असं काका म्हणायचे. शेवटी कॉलेजातल्या एक मॅडम मला सरकारी हॉस्पिटलात मानसोपचाराच्या ओपीडीत घेऊन गेल्या. गोळ्या सुरू झाल्या. आईने त्या ॲसिडिटीच्या गोळ्यांच्या डबीत भरून ठेवल्या, कोणाला कळू नये म्हणून.

गोळ्यांनी थोडी झोप येऊ लागली होती. पण त्याच दिवसांत ताईच्या लग्नाची बोलणी चालू होती आणि मुलाकडचे आमच्याच गावचे, शेजारच्या वाडीतले. घरात वेडाचं औषध आहे हे कळलं तर ते मागे फिरतील, ही आईची भीती. कोकणातल्या आमच्या गावच्या मुंबई मंडळाची सत्यनारायणाची पूजा दरवर्षी घाटकोपरला एका हॉलमध्ये असते. आदल्या दिवशी आई म्हणाली, "उद्या गाऱ्हाणा घालूया. मगे औषध बंद. पुढचा देव बघतलो." मी हो म्हटलं. मलाही वाटत होतं, गोळी घेणं म्हणजे देवावर विश्वास नसणं.

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने सांगितलेलं दुःख. आमच्याकडे ते मंडळातले सगळ्यात वयस्कर तात्या घालतात, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला सगळा हॉल "होय महाराजा" म्हणतो. तात्यांनी विचारलं, "काय सांगू?" आई म्हणाली, "पोटाचा दुखणा." मुलाकडची माणसं तिसऱ्या रांगेत बसली होती. तात्यांनी माझ्याकडे एकदा बघून हात जोडले. "बा देवा महाराजा, ह्या चेडवाच्या पोटाक जो काय त्रास आसा..."

"पोट नाही, तात्या."

हे मीच बोलले. वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज फुटत नाही, तो तेव्हा कुठून आला, मला माहीत नाही. आईने माझं मनगट घट्ट धरलं. तात्या शांतपणे म्हणाले, "मगे काय ता सांग. देवाक चुकीचा कशाक सांगूचा?" मी म्हटलं, "मनाचा आजार आहे. डॉक्टरचं औषध चालू आहे."

मला वाटलं, आता ते थांबतील. पण ते पुन्हा देवाकडे वळले. "बा महाराजा, आमच्या तोंडातून चुकीचा गेला, माफ कर. ह्या तुझ्या लेकराच्या मनाक दुखणा लागला हा. डॉक्टराच्या औषधाक गुण येवंदे रे महाराजा." मग मागून एका बाईंचा आवाज आला, "होय महाराजा," आणि त्यांच्यामागोमाग सगळ्यांचा. आईचा हात सैल झाला. ती रडत होती.

मुलाकडचे न जेवता निघून गेले. त्यांचा पुन्हा फोन आला नाही. मी ताईची माफी मागितली, तर ती म्हणाली, "गप गं. त्यांच्या घरी मी आजारी पडले असते तर मलापण डबीत लपवलं असतं त्यांनी." त्याच दिवशी प्रसादाच्या रांगेत त्या पहिल्या आवाजाच्या बाई आईजवळ आल्या होत्या. त्यांचा मुलगा सहा महिने खोलीबाहेर पडला नव्हता. त्यांनी हळूच विचारलं, "कुठे नेता हो मुलीला?" मला वाटलं, आई विषय बदलेल. आईने प्रसादाचा द्रोण खाली ठेवला आणि म्हणाली, "सरकारी हॉस्पिटलात. नंबर सकाळी लवकर लावा. मी येईन तुमच्याबरोबर."

देवावर सोडणं म्हणजे सगळं थांबवणं असं मी समजत होते. आता वाटतं, जे आहे ते त्याच्यापुढे खरं सांगायचं आणि त्याने दिलेली मदत घ्यायची, एवढंच ते असावं. मी अजून औषध घेते. गोळी हातावर देताना आई डोळे मिटून देवाचं नाव घेते.