आकडा शून्यावर आला तेव्हा

विया आकड्यांवर जितका विश्वास ठेवायची तितका माणसांवर ठेवला असता, तर एव्हाना तिचं लग्न झालं असतं, असं मी तिला तोंडावर सांगायचो. ती हसायची नाही. "डाएंग राला, माणसं खोटं बोलतात. तक्ता बोलत नाही," एवढंच म्हणायची आणि पुन्हा पडद्यात डोकं घालायची. डाएंग हा आमच्याकडे वडीलधाऱ्यांच्या नावाला लावायचा मान.

पूर्ण नाव हस्नाविया. बाप खलाशी होता, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. ही पोर शाळा सुटली की गल्लीतल्या इंटरनेटच्या दुकानात बसायची आणि तिथेच वेबसाइट बांधायला शिकली. मकास्सरच्या बंदरामागे आमचं छोटं ऑफिस आहे. एका जहाज कंपनीची तिकिटांची वेबसाइट आम्ही चालवतो. विया ती बांधते, मी फोन उचलतो आणि लोकांच्या शिव्या ऐकतो. पगार तिचा जास्त आहे, हे मला मान्य आहे. न्याय्य आहे असं मी म्हणणार नाही.

तिच्या कामातली खरी डोकेदुखी मला तिच्याशेजारी बसून बसून कळली. इंटरनेट बघण्याचं साधन, म्हणजे ब्राउझर, प्रत्येकाचं वेगळं. एकात सुरेख दिसणारं पान दुसऱ्यात मोडकं दिसतं, बटण खाली घसरतं, तारीखच गायब होते. सगळ्यात जास्त छळायचा तो जुन्या फोनमधला एक ब्राउझर. त्याच्यासाठी ती अर्धा अर्धा दिवस घालवायची आणि त्या फोनला असं काही बोलायची की मी खिडकी लावून घ्यायचो.

किती लोक कुठला ब्राउझर घेऊन आले, हे सांगणारा तक्ता ती रोज सकाळी आधी उघडायची. जुन्याचा आकडा महिन्यागणिक उतरत चालला होता. शेवटी तो शंभरात तीनवर आला, तेव्हा तिने आमचे मालक पाक मुस्तारी, म्हणजे मुस्तारी साहेब, यांच्यापुढे तक्ता ठेवला.

"तीन लोकांसाठी सत्त्याण्णवांना किती दिवस थांबवायचं, पाक?"

"तू म्हणतेस तर टाक सोडून," पाक मुस्तारी म्हणाले. त्यांना नवं पान भराभर उघडायला हवं होतं. लेबारान, म्हणजे ईद, तोंडावर आली होती आणि सगळं शहर गावी जायच्या तयारीत होतं. शिवाय त्या वर्षी जहाज कंपनीने तिकीटखिडकी बंदच केली होती. जे काय ते फोनवरून.

वियाने नवं पान लावलं. खरंच देखणं होतं. आठवडाभरात जुन्या ब्राउझरचा आकडा शून्यावर आला आणि ही बाई खुर्चीत बसल्या बसल्या नाचली.

"बघितलंत? एकही उरला नाही!"

"इतक्या लवकर?" मी म्हटलं.

"सणाचा बोनस झालाय ना सगळ्यांचा! लोकांनी नवे फोन घेतले."

मला ते पटलं. कोणालाही पटलं असतं. ईदच्या आधी आमच्याकडे सणाचा बोनस हातात पडला की पाहुण्यांच्या केकआधी फोनच्या दुकानात रांग लागते. आणि माझ्याकडे एकही तक्रार आली नव्हती. फोन इतका शांत होता की मी दुपारी डुलक्या काढत होतो.

आमच्या ऑफिससमोर डाएंग बाऊची कोतोची, म्हणजे मटणाच्या रश्श्याची, गाडी आहे. रोजे असल्याने ती संध्याकाळी लागायची. उपास सोडला की आम्ही तिथेच. शेंगदाण्याचा दाट रस्सा आणि आतड्याचे तुकडे बाऊ वियाला न मागता जास्त वाढायची. बाऊ जाम्पेआ बेटावरची. तिकडे तिच्या लेकीला पहिलं मूल झालं होतं आणि ईदनंतर बाळाचे केस उतरवायचे होते. आजीने पहिली बट कापायची असं ठरलं होतं. महिनाभर आम्ही रश्श्याबरोबर त्या बाळाच्या गोष्टीच खात होतो म्हणा ना.

"तिकीट काढलं का, डाएंग?" एकदा वियाने विचारलं.

"बघते गं," म्हणून ती पातेलं ढवळायला लागली.

जाम्पेआला जाणारं ईदआधीचं शेवटचं जहाज सुटायच्या दिवशी विया आणि मी बंदरावर होतो. प्रवाशांचे फोन दाराशी यंत्राला दाखवायचे होते, ते नीट चालतंय का हे बघायला पाक मुस्तारींनी धाडलं होतं. यंत्र झकास चालत होतं. विया खूश होती. पण रांग लवकर आटपली. जहाजावर चटया अंथरलेल्या, आणि त्यातल्या कितीतरी रिकाम्या. जाम्पेआच्या जहाजावर, ईदच्या तोंडावर! एरवी त्या जहाजावर माणसाने कूस बदलली तर शेजारच्याला उठावं लागतं.

दाराबाहेर मात्र गर्दी होती. बोचकी, बिस्किटांचे डबे, कोंबड्या घेऊन बसलेली माणसं, बहुतेक बायका. कोणी आरडाओरडा करत नव्हतं. त्यांत डाएंग बाऊ दिसली, सणाच्या नव्या कपड्यांत, मांडीवर गाठोडं धरून.

विया धावतच गेली. "डाएंग, बाहेर का? चला, जहाज सुटेल!"

"तिकिटं संपली होती, पोरी. म्हटलं दारावरच्याला विनवून बघावं."

"कोण म्हणालं संपली?"

बाऊने इकडे तिकडे बघून लेकीने वापरून दिलेला जुना फोन काढला. "माझ्याच हातात खोट आहे बहुतेक. हात लावला की बिघडतं. नुसतं पांढरं होतं बघ."

वियाने फोन घेतला. पान पांढरंफटक. ना बटण, ना तारीख, ना एक अक्षर. आता कुठे तिला उलगडलं. येणाऱ्यांना मोजून तक्ता भरणारा तिचा हिशेबनीस त्याच पानात बसवलेला होता. पान उघडलंच नाही तर तो जागा कसा होणार? दारातून परत गेलेल्यांना तक्त्याने पाहिलंच नव्हतं. आणि ते तीन टक्के सगळ्या बेटांची सरासरी होती. या गरीब बेटाचा आकडा वेगळा काढून तिने कधी बघितला नव्हता.

"मला का नाही सांगितलं?" तिने विचारलं. "रोज तर जेवत होते तुमच्याकडे!"

"काय सांगू? म्हातारीला फोन चालवता येत नाही, असं?"

सिरी. आमच्याकडे या शब्दावरून सुरे निघालेले आहेत. अब्रू म्हणा, लाज म्हणा. आमचा माणूस उपाशी राहील, पण मला जमत नाही असं चारचौघांत म्हणणार नाही. माझा फोन का वाजला नव्हता, ते मला तिथे उन्हात उभं राहून कळलं.

विया मालकांना फोन लावायला लागली, दारावरच्या अधिकाऱ्याच्या हातापाया पडली. त्याने मान हलवली. प्रवाशांची यादी बंदराच्या कार्यालयात गेली होती, आता एक नाव चढवता येत नव्हतं. तेव्हा तिने जे केलं, ते मी असतो तर केलं नसतं. ती त्या बायकांच्या मधोमध उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "पान पांढरं दिसलं ना तुम्हाला? ते मी केलंय. तुमच्या फोनांना मी बाहेर ठेवलं. तुमचा हात चुकलेला नाही."

मग एका बाईने हळूच शेजारणीला विचारलं, "तुझंपण पांढरं?" एकेक फोन बाहेर निघाला. दिवसभर एकमेकींना चिकटून बसलेल्या त्या बायकांनी आपापली लाज पदराआड झाकून ठेवली होती. आता एक हसली, एक रडायला लागली, एकीने वियाला अस्सल बंदरी शिवी दिली. वियाने ती ऐकून घेतली.

जहाजाने भोंगा दिला. डाएंग बाऊ उठली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि म्हणाली, "लेकीला मी सांगितलं होतं की येते."

ईदच्या दिवशी सगळं शहर नव्या कपड्यांत पाया पडत फिरत होतं, तेव्हा विया ऑफिसात बसून पान साधं करत होती. चित्रं गेली, हलती सजावट गेली. कुठल्याही फोनवर उघडेल असं उरलं. जुन्याचा आकडा शून्यावरून उठला.

"एवढे लोक अचानक कुठून आले?" पाक मुस्तारींनी विचारलं.

"आले नाहीत, पाक. होतेच," ती म्हणाली.

आता ती रोज सकाळी प्रत्येक बेटाचा आकडा वेगळा बघते आणि बंदरावर जाऊन परक्या माणसांचे फोन मागते. लोक तिला वेडी समजतात. पण आकडा पुन्हा तीनला पोचलेला नाही, दोनच्या आसपास अडकलाय. नवे फोन घेतले असतील, असं मी एकदा म्हणून बघितलं. ती चपला घालून बंदरावर निघाली.

डाएंग बाऊ नातवाला बघून आली, पाओतेरे बंदरातून मालाच्या लाकडी नावेने, सिमेंटच्या पोत्यांवर बसून. केस तोवर उतरवून झाले होते. परवा ती पुन्हा तशीच निघायच्या तयारीत होती, तेव्हा विया गाडीपाशी वाडगं धरून उभी होती.

"डाएंग, त्या नावेला फार दिवस लागतात. पान आता उघडतं. तुमच्याच फोनवर मी तपासलंय."

"उघडत असेल," बाऊ म्हणाली आणि तिच्या वाडग्यात न मागता आणखी एक पळी रस्सा घातला. "पण नावेवरचा खलाशी मला बघतो, पोरी, आणि हात देऊन वर घेतो. तुझ्या दारात मी पुन्हा नाही उभी राहायची."