नरहर गुरुजींचा समुद्रघोडा

आंजी गावात कुणाचं भांडण पंचांपुढं गेलं की शेवटी एकच प्रश्न निघे : नरहर गुरुजी काय म्हणतात? गुरुजींना ना शेत, ना गोठा; पण त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा ते तिचं खरं वय सांगून बसत. त्यापायी सख्ख्या मेहुणीचं स्थळ मोडलं होतं, आणि बायको सुधाताई ते अजून विसरल्या नव्हत्या.

चौपन्न सालच्या दिवाळीत ते भावाकडे मुंबईला गेले आणि तिथलं मत्स्यालय बघून आले. आपल्याकडे मासा म्हणजे धाम नदीतला, चंदेरी नाहीतर मातकट. तिथे काचेपलीकडे हळदीपिवळे, जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे! गुरुजी खुळावलेच. परतल्यावर पारावर बसून त्यांनी सगळं सांगितलं : डिवचलं की पुरीसारखा टम्म फुगणारा मासा, डंख मारणाऱ्या समुद्रफुलाच्या कुशीत बिनघोर राहणारा नारिंगी मासा, आणि समुद्रघोडा. "त्याच्यात नराच्या पोटाला पिशवी असते. मादी तिच्यात अंडी घालते आणि पिल्लं नर देतो."

पार हसून लोळला. "गुरुजीलेबी मुंबईचं पानी लागलं," शेतकरी बंडूजी म्हणाला. गुरुजी शपथा घेऊ लागले, तसे लोक आणखीच हसले.

सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण उन्हाळ्यात ह्याच बंडूजीनं शेजारच्या कुंताबाईच्या वांग्यांत नांगर घातला आणि धुऱ्याचा, म्हणजे दोघांमधल्या बांधाचा, दगड तिच्या शेतात सरकवला. कुंताबाई विधवा, त्या पट्ट्यातल्या भाजीवर तिची चूल पेटे. गुरुजी रोज त्याच वाटेनं फिरायला जात. ते आपणहून पंचांपुढं उभे राहिले.

"दगड कडुनिंबाखाली होता. मी रोज बघत आलोय."

बंडूजी हसला. "जो मानूस म्हनते का नर पिलं देते, त्याच्या म्हनन्यावर धुरा ठरवान काय, पाटील?"

बापूराव पाटील पंचांत वडील. ते अवघडून म्हणाले, "गुरुजी, एकच सांगा. ते घोड्याचं खरं होतं, का गंमत केलती?"

कुंताबाई पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. खरं बोलावं तर बाईचा पट्टा जाणार.

"गंमत केली होती," ते म्हणाले.

पंचांना हायसं वाटलं. गुरुजी पुन्हा भरवशाचे झाले आणि दगड कडुनिंबाखाली गेला.

दुसऱ्या दिवशी कुंताबाई नांगरातून वाचलेल्या झाडांची टोपलीभर वांगी घेऊन आली. निघताना उंबऱ्याशी थांबली.

"एक सांगू काय, गुरुजी? समदे हासून राह्यले होते, पन मले ते खरंच वाटलं होतं. म्हटलं, कुठंतरी बाप्यालेबी कळा येतेत. लय बरं वाटलं होतं जी."

खरं ते गुरुजींच्या अगदी ओठांवर आलं. पण कुंताबाईच्या पोटात गोष्ट राहत नसे, आणि विहिरीवर ती बोलली असती तर दगड पुन्हा हलला असता.

"गंमतच होती ती, कुंताबाई," ते म्हणाले. हे दुसरं खोटं त्यांना पहिल्यापेक्षा जास्त लागलं.