तंजावरकाकांचा क

तंजावरकाकांच्या पाकिटात पैसे नसत, नोटा असत. एक सिंगापूरची, एक श्रीलंकेची, एक मॉरिशसची आणि एक आपली दहा रुपयांची. नवा माणूस भेटला की पाच मिनिटांत ते पाकीट उघडत, एकेक नोट उजेडाकडे धरत आणि नखाने तिच्यावरची बारीक ओळ दाखवत. "बघा. तमिळ." असं म्हणताना त्यांची मान इतकी ताठ होई, की नोटेवरची सही त्यांचीच असावी असं वाटे.

आमची ओळख शिकागोत, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका दुकानात झाली. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. मी कढीपत्त्याच्या पुड्या उलटसुलट करत मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मराठीत झापत होते. तेवढ्यात दोन स्वेटर आणि माकडटोपी घातलेले, कपाळावर भस्माचे पट्टे असलेले एक आजोबा वळले आणि म्हणाले, "तुम्ही मराठे कां?" आम्ही नागपूरचे. आमच्या मराठीला पुण्याचे लोक हसतात, पण अशी मराठी आम्हीही कधी ऐकली नव्हती. काका तंजावरचे. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्याबरोबर तिकडे गेले आणि परत यायचं राहून गेलं. भाषा मात्र घरात तशीच राहिली, माळ्यावरच्या पितळी भांड्यासारखी.

त्या मराठीत क्रियापद कर्त्याला सोडत नसे. काका म्हणत, "मी जेवण केलों. मी पत्र लिहिलों." मिलिंद एकदा न राहवून म्हणाला, "काका, 'मी जेवण केलं' म्हणतात." काकांनी शांतपणे विचारलं, "जेवण कोण केलों? मी की जेवण?" मिलिंद पुन्हा त्यांचं व्याकरण सुधारायला गेला नाही.

घरात मराठी बोलणाऱ्या या माणसाचा जीव तमिळमध्ये होता. उभी हयात तारखात्यात गेली होती. दुसऱ्यांच्या सुखदुःखाच्या तारा त्यांनी तमिळमधून समजावून सांगितल्या होत्या. कुठे कुठे तमिळला सरकारी दर्जा आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. तमिळनाडू, पाँडिचेरी, श्रीलंका, आणि सिंगापूरच्या चार भाषांतली एक. मी उगाच म्हटलं, "आणि मलेशिया?" त्यांनी लगेच बोट हलवलं. "नक्को. तिथें शाळा आहेत, दर्जा नाहीं. आपल्या भाषेसाठी खोटें बोलूं नये." मॉरिशसच्या नोटेबद्दलही ते बजावत, "नोटेवर आहे, कायद्यांत नाहीं." एवढं प्रेम आणि एवढा काटेकोरपणा एका माणसात मी पहिल्यांदाच पाहत होते.

ते मुलाकडे राहायला आले होते. परत कधी जाणार, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं होतं. "अमेरिकेच्या एका ऑफिशियल कागदावर तमिळ अक्षर बघितलों, की मी जाणार." मुलगा वैतागे. "अप्पा, धिस इज अमेरिका. इथे कोण लिहिणार तमिळ?" काका हसून पाकीट खिशात टाकत. त्या पाकिटात एक कप्पा त्यांनी मुद्दाम रिकामा ठेवला होता.

शनिवारी ते आमच्याकडे येत. मिलिंद म्हणायचा, "काका, राइड देतो ना, स्नो आहे यार." पण ते बसनेच यायचे. कॉफी झाली की मला तमिळ अक्षरं शिकवत. मराठीसुद्धा ते तमिळ लिपीतच लिहीत, देवनागरी त्यांना येत नव्हती. पहिल्याच दिवशी मी हैराण झाले. क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर! मी म्हटलं, "काका, मग 'केलों' आणि 'गेलों' कसं लिहिता?" त्यांनी दोनदा अगदी एकसारखं लिहून दाखवलं. "मग कळणार कसं?" "वाचणाराला कळतें," काका म्हणाले. मला ती सरळसरळ पळवाट वाटली. मी खूप चिडवलं त्यांना त्यावरून.

मी तेव्हा एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. फेब्रुवारीतल्या एका सकाळी वॉर्डमधून फोन आला. "यू स्पीक इंडियन, राइट?" मीही मोठ्या तोऱ्यात वर गेले. पलंगावर सत्तरीची एक बाई पोट धरून पडली होती. शेजाऱ्यांनी ॲम्ब्युलन्सने पाठवलेली. सून कुठल्याशा फॅक्टरीत कामावर, फोन लागत नव्हता. पित्ताशय फुटायच्या बेतात होतं आणि ऑपरेशन लगेच हवं होतं. फॉर्मवर भाषेच्या रकान्यात कोणीतरी 'हिंदी' लिहून टाकलं होतं. मीही हिंदी सुरू केली. कळेना म्हणून आणखी मोठ्याने हिंदी, जसा काही आवाज वाढवला की भाषा बदलते. "ऑपरेशन करना है, ठीक है?" बाईंनी मान या खांद्यावरून त्या खांद्यावर हलवली. पुन्हा विचारलं, पुन्हा तसंच. मी नर्सला सांगितलं, "ती नाही म्हणतेय." नर्सने तसं लिहून घेतलं.

मी दारापर्यंत गेले आणि थबकले. ती मान मी पाहिली होती. दर शनिवारी कॉफी पुढे केली की काका अगदी तशीच हलवत आणि पेला घेत. मी फोनकडे धावले.

काका दोन बस बदलून, बर्फातून आले. टोपी काढली, पलंगाशी वाकले आणि फक्त एक शब्द बोलले, "अम्मा." त्या बाईंचा चेहरा जो उजळला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. त्यांनी काकांचं मनगट धरलं आणि बांध फुटावा तशा बोलू लागल्या. श्रीलंकेतल्या जाफन्याच्या होत्या. त्यांचं तमिळ वेगळं, काकांचं वेगळं, पण एक अक्षर वाया गेलं नाही. काका सरळ झाले आणि नर्सला तारखात्याच्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, शी इज सेइंग यस. सिन्स मॉर्निंग शी इज सेइंग यस. ओन्ली नो पेनिसिलिन. लास्ट टाइम शी ऑलमोस्ट डाइड." डॉक्टरांनी हातातली फाइल खाली ठेवली. इंजेक्शनच्या यादीत पेनिसिलिनच होतं, हे मला नंतर कळलं.

मग काकांनी फॉर्मवर बोट ठेवलं. "प्लीज स्ट्राइक आउट धिस वर्ड." नर्सने 'हिंदी' खोडून 'तमिळ' लिहिलं. माझ्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. संध्याकाळी मी माफी मागायला गेले तर म्हणाले, "बाळा, मान वाचायला कोण शिकवितो? पण थांबलीस तूं. तें मोठें."

अम्मा वाचल्या. महिन्याभराने हॉस्पिटलने एक तक्ता करायचं ठरवलं: पेशंटने आपल्या भाषेच्या ओळीवर बोट ठेवायचं, की दुभाष्या बोलावणार. तमिळ ओळ काकांनी लिहिली. 'मी तमिळ बोलतो', एवढंच. त्यासाठी त्यांनी नवं पेन आणलं होतं. लिहून झाल्यावर मी म्हटलं, "आता मराठीची?" काकांनी पेन माझ्या हातात दिलं. "ती तूं लिही. घरची भाषा, पण माझ्या हाताला तिचें अक्षर नाहीं." तेवढ्यापुरते ते मला फार एकटे वाटले. मी लिहिलं. ते माझ्या खांद्यावरून देवनागरीकडे टक लावून पाहत होते.

तक्ता भिंतीवर लागला तेव्हा काकांनी नर्सला विचारलं, "मॅडम, इज इट ऑफिशियल?" ती म्हणाली, "सर, इट्स ऑन द वॉल. इट डझन्ट गेट मोअर ऑफिशियल दॅन दॅट." मी तक्त्याची झेरॉक्स काढून दिली. त्यांनी तिची बारीक घडी घातली आणि पाकिटातल्या रिकाम्या कप्प्यात ठेवली. चार नोटा आणि एका झेरॉक्सपुढे मी कधी इतकी नम्र झाले नव्हते. एप्रिलमध्ये काका तंजावरला परतले.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. अप्पा झोपेतच गेले. आठ दिवसांनी त्यांचं एअरमेल माझ्या हातात पडलं, त्यांनी जाण्यापूर्वी टाकलेलं. आत मराठी पत्र, पण तमिळ लिपीत. माझी तमिळ अक्षरं अर्ध्यावरच राहिलेली. त्यांच्या मुलाला तमिळ वाचता येत नव्हतं, तो इंग्रजी शाळेत शिकलेला. मी ते पत्र घेऊन अम्मांकडे गेले. माझं इंग्रजी त्यांना तमिळमध्ये सांगायला सून शेजारी बसली.

अम्मांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. त्यांना त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं. मला एक अक्षर नीट वाचता येत नव्हतं. त्या वाचत होत्या आणि मी ऐकत होते, आणि काकांची मराठी जाफन्याच्या आवाजात खोलीत येत होती. त्या 'पाळा' म्हणाल्या, मी 'बाळा' ऐकलं. त्या 'पिंत' म्हणाल्या, मी 'भिंत' ऐकलं. भिंतीवरच्या आपल्या दोन ओळी रोज आठवतात, असं त्यांनी लिहिलं होतं. तमिळ खाली, मराठी वर, की उलट, ते मात्र विसरलों, कळवणे. त्यांचा काटेकोरपणा तिथेही सुटला नव्हता. मी रडत होते आणि हसतही होते.

शेवटच्या ओळीवर अम्मांनी बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं, "शेवटीं मी केलों."

मी म्हटलं, पुन्हा वाचा. सुनेने सांगितलं तसं त्यांनी पुन्हा वाचलं. केलों. तेच एक अक्षर, चौघांना मिळून एक. काकांनी 'शेवटीं मी केलों' लिहिलं होतं, की 'शेवटीं मी गेलों'? मी सुनेला दोन्ही अर्थ सांगितले.

"काय म्हणतात ते?" सुनेने मला इंग्रजीत विचारलं. "काम झालं म्हणतात, की निरोप घेतात?"

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग मी मान या खांद्यावरून त्या खांद्यावर हलवली. अम्मांना कळलं.