चिंचेला टांगलेलं इंजिन

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पनवेलच्या खाडीवरचा तो कोळी मचव्यांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि कुणाचं अडलं तर मोटारीचंही. माझ्या जुन्या, छोट्या विलायती गाडीचं इंजिन फुटलं आणि खेड्यापाड्यांतले माझे रोगी बघायला जाणंच बंद पडलं. मी मुंबईच्या जुन्या बाजारातून दुसरं इंजिन आणलं आणि त्याला बोलावलं.

पान्यांखेरीज त्यानं बरोबर आणला होडीचा दोर, एक कप्पी आणि जाळ्याची सुतळी. काढलेला प्रत्येक नट तो क्रमानं सुतळीत ओवायचा आणि अंगठ्यानं एकदा चाचपायचा. मग इंजिन दारच्या चिंचेला टांगून खुशाल त्याच्याखाली शिरला.

मी ओरडलो, "अरे बाबा, दोर तुटला म्हणजे?"

वर न बघताच तो म्हणाला, "डाक्तर, या दोरानं आमी वादळात होडी बांधतो. तुमची गाडी तर जमिनीवर हाय."

संध्याकाळी सुतळी रिकामी झाली. आजवर प्रत्येक मिस्त्रीनं माझ्या हातात उरलेले दोन-तीन नट ठेवले होते. यानं एकही नाही. हँडल मारताच गाडी सुरू झाली.

फुटकं इंजिन मात्र त्यानं मागून घेतलं. "होडीला नांगर करतो. तुमाला यानं इतकी वर्सं फिरवलं, आता आमाला धरून ठेवल."

त्या पावसाळ्यात खाडीवरच्या दोन होड्या वाहून गेल्या. त्याची जागच्या जागी डुलत होती, माझ्या इंजिनाला बांधलेली.