पंख्याला बांधलेला बिल्ला

आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी डबा घेऊन दुसरीकडे जाऊन बसते. मी सेफ्टी ऑफिसर. माणसांवरच विश्वास ठेवत नाही, तर भुतांवर काय ठेवणार! तरी हे लिहितेय... कारण सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

नंदुरबारबाहेर, खांडबाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं मिरचीचं कोल्ड स्टोरेज आहे. थंड खोलीत एकट्याने जाणाऱ्याने पाळीभर छातीवर अलार्मचा बिल्ला लावून ठेवायचा, हा नियम. बटण दाबलं, किंवा माणूस दोन मिनिटं अजिबात हलला नाही, की बिल्लाही वाजतो, माझ्या केबिनमध्येही घंटी वाजते आणि स्क्रीनवर नाव येतं.

आता आमच्या लोकांची अक्कल बघा. दुपारी डुलकी लागली की घंटी वाजते, मग मॅडम ओरडतात. म्हणून बिल्ला काढून मान फिरवणाऱ्या टेबल फॅनला बांधायचा! फॅन फिरतोय, बिल्ला हलतोय, साहेब खाटेवर घोरताहेत. यात सगळ्यात पटाईत यासीनचाचा. साठीचे, तीस वर्षं मिरचीच्या पोत्यांत काढलेले.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास घंटी वाजली. यासीनचाचा – 'हालचाल नाही'. झोपले असणार. मी बंद केली. पुन्हा वाजली... पुन्हा बंद केली. तिसऱ्यांदा ती बंदच होईना. आज यांना मेमोच देते, म्हणून मी तणतणत निघाले.

पाहते तर खाट रिकामी. बिल्ला फॅनला बांधलेला, फॅन इकडून तिकडे फिरतोय, बिल्ला डोळ्यांसमोर हलतोय – आणि वाजतोय. 'हालचाल नाही' म्हणून!

आवाज ऐकून कॉम्प्रेसरवरचे रतनभाऊ आले. "लाइट गयी व्हती का?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"नही मॅडम, कॉम्प्रेसर चालूच शे." मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "चाचानं जाकीट कोठे शे?"

खुंटी रिकामी होती. जाड जाकीट फक्त थंड खोलीत जाताना घालतात. आम्ही धावत एकेक थंड खोली उघडत गेलो.

तीन नंबरच्या खोलीत पोत्यांची थप्पी कोसळली होती. चाचा पोत्यांखाली, डोक्याला खोक, बेशुद्ध. संध्याकाळी गाडी भरायला माणसं येईपर्यंत ते दार कुणी उघडलं नसतं. आम्ही दोघांनी पोती ओढली. चाचांनी बोटं हलवली... आणि त्याच क्षणी बाहेर वाजणारा बिल्ला थांबला. रतनभाऊ माझ्या शेजारीच होते. बाहेर कुणीच नव्हतं.

मग मी माझं काम केलं. रतनभाऊंना आडवंतिडवं विचारलं, कॅमेरे पाहिले, वायर तपासल्या. बिल्ल्याला हात लावायला खाटेजवळ कुणी आलंच नव्हतं. सुरतहून बिल्ल्याच्या कंपनीचा माणूस आला. रेकॉर्ड पाहून म्हणाला, "मॅडम, हा बिल्ला तेवढा वेळ हललेलाच नाही." अहो, मी हलताना पाहिलाय! सेन्सर खराब असेल, म्हणाला. मग दुरुस्त काय केलंत? तर म्हणे, आता चांगला चालतोय. त्याच फॅनला बांधून मी आठवडाभर पाहिलं. एकदाही वाजला नाही.

मला आजही त्याच्या बोलण्यात काहीतरी लपवाछपवी वाटते. पण लपवणार काय, तेही सांगता येत नाही.

चाचा महिन्याभराने कामावर आले. टाके पडलेलं डोकं रुमालाने बांधून गेटवर प्रत्येकाला सांगत होते, "पहिली घंटीलेच पयत उनी मन्ही बेटी, म्हनीसन जित्ता शे."

पहिल्याच घंटीला धावत आलेली ती बेटी म्हणजे मी. सगळे माझ्याकडे पाहून हसले. मीही हसले. ती तिसरी घंटी होती, हे त्यांना सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.