दहा वेळा ‘पोचलो’

मुलांनो, सकाळपासून माझा फोन ‘जागा भरली, काहीतरी काढा’ म्हणून टुणटुणतोय. अगदी असाच ताप तुमच्या आजोबांच्या पहिल्या मोबाईलने दिला होता.

त्यात फक्त दहा मेसेज मावत. रेवा, तुझी आई बंगळुरात हॉस्पिटलमध्ये होती आणि बाबांचा फोन लागत नव्हता. मोबाईलवर नुसतं मेसेजचं पाकीट लुकलुकत होतं. कारेलीबागेतल्या आमच्या गुजराती शेजारी जिग्नाबेन म्हणाल्या, ‘‘मासी, फोन फुल छे. जूनो मेसेज काढो, तो नवो आवशे.’’

पाहते तर दहाही मेसेज तुमच्या बाबांचे, दर प्रवासानंतरचे, आणि प्रत्येकात एकच शब्द: ‘पोचलो.’

‘‘अहो, काढा ना एक!’’

‘‘कोणता काढू?’’

‘‘कोणताही! सगळे सारखेच आहेत.’’

‘‘सारखे कसे? हा दिवाळीनंतरचा. हा अंगात ताप घेऊन गेला होता तेव्हाचा.’’

सून तिकडे कळा सोसतेय, आणि यांचं हे! मी फोन हिसकावला आणि सर्वांत जुना मेसेज उडवला. लगेच टिंग झालं: ‘मुलगी झाली. दोघी ठीक.’

हे डोळे पुसत हसले. मग हळूच म्हणाले, ‘‘तो पहिल्यांदा घर सोडून गेला, तेव्हाचा होता गं तो.’’

‘‘नात झालीय, आणि तुमचं काय भलतंच!’’ मी फटकारलं.

आज तासभर फोन घेऊन बसलेय. तुमचे शेकडो फोटो आहेत, निम्म्यांत नुसती हललेली डोकी. आता तुम्हीच सांगा, कोणता काढू?