तीन वेळा अडकणारी रेकॉर्ड

स्पीकरवाल्यांचे किस्से म्हणजे आमच्या उरणचं मीठ! कोणी पिकवायला जात नाय, जरा ऊन पडलं की आपोआप वर. आमच्या कंपनीत मी मशीनवर आणि बाळाराम झाडावर. भोंगा बांधायला हो! तसा एरवीपण तो थोडा माकडच.

*

आमची शान म्हणजे लग्नगीतांची एक मोठी काळी रेकॉर्ड. तिसऱ्या गाण्यात मामाच्या पागोट्याची ओळ आली की सुई अडकायची. मी ओळ तीनदा वाजू द्यायचो, मग बोटाने सुई पुढे ढकलायची. तीनदाच का? तेवढ्यात विडीचा एक झुरका व्हायचा!

गावाला वाटलं, गाणंच असं आहे. बायका मामाला तीनदा आळवून तीन गिरक्या घ्यायला लागल्या. एका लग्नात दुसरा स्पीकरवाला आला, त्याची रेकॉर्ड अडकेना. बायकांनी त्याला घेरला, "भाऊ, तुजी रेकॉर्ड खराब हाय!"

*

बाळारामला दुसऱ्या बाजूची खाज. "एकदा उलटव ना रं!" मला आळस. मी त्याच्या कानात सांगितलं, "ती बाजू लावली की लग्न मोडतं."

चाळीस वर्षं त्याने पुन्हा नाव काढलं नाय. वर कव्हरला लिंबू-मिरची बांधली!

*

मग डीजे आले, आमचं मशीन बसलं. किहीमला बंगला असलेले मंदारसाहेब जुन्या रेकॉर्डी घेतात असं कळलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "एकच बाजू बरी आहे, दुसरी भंगार." आणि विकून टाकली. कितीला ते लिहीत नाय, बायको वाचते.

बाळाराम पेटला. "आठ दिसांनी माज्या नातीची हलद! तवा काय वाजवशील, कपाल?"

"मोबाइल हाय ना!"

रविवारी बायकांनी मोबाइलवर तालीम घेतली. बायका दुसऱ्या गिरकीत आणि गाणं पुढच्या कडव्यात! दोन जावा धाडकन एकमेकींवर आपटल्या. बाळारामची बायको हिराबाई गावची धवलारीण, लग्नाची गाणी तिच्याशिवाय हलत नाहीत. ती कडाडली, "ह्या गान्यावर माजी नात नाचनार न्हाय! जा, रेकॉर्ड घेऊन या!"

*

गेलो दोघं किहीमला. साहेब खूश. "काका, आधी हे ऐका," म्हणत त्यांनी दुसरी बाजूच लावली. बाळारामने कान दाबले, "नको ओ! नातीचं लगीन हाय!"

एक बाई एकटीच गात होती. मागे नुसती ढोलकी. होडी सासरी निघालेली, माहेरची खाडी मागे राहिलेली. बाळारामचे हात कानांवरून हळूहळू खाली आले. मी समुद्राकडे बघत बसलो. ज्याला जन्मभर भंगार म्हणालो, ते सोनं निघालं!

"तू म्हनलास, लगीन मोडतं," बाळाराम म्हणाला.

"आळस होता रं."

त्याने साहेबांसमोर मला एक शिवी घातली. लांबलचक होती, पण सुरात होती.

साहेब मशीन आणि रेकॉर्ड घेऊन हळदीला यायला तयार झाले. वर म्हणाले, "आणि काका, मी ती धुतलीय. पिवळं पाणी निघालं! आता कुठेच अडकत नाही."

आमची तोंडं बघण्यासारखी झाली.

*

हळदीच्या दिवशी मांडव गच्च. नात पाटावर, साहेब मशीनपाशी. मी हिराबाईला रेकॉर्ड धुतल्याचं सांगितलं. तिने हळदीच्या वाटीत बोट बुडवलं, मला विचारलं, "तिसरं गानं कुठं?" आणि मी रेकॉर्डवर दाखवलं तिथे टेकवलं!

"आजी! अहो, काय करताय!" साहेब उभेच राहिले.

"बसा ओ. गावाची लग्नां लावली तिनं. तिला कोन हलद लावनार?"

पदराने वारा घालून तिने रेकॉर्डवरचा हळदीचा ठिपका सुकवला. साहेबांनी डोळे मिटून सुई ठेवली. पहिलं गाणं गेलं. दुसरं गेलं. बायका कंबर कसून उभ्या.

मामाच्या पागोट्याची ओळ आली.

मी विडी पेटवली.